तीनवर अडकलेला काटा

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, आपल्या ट्रॅक्टरला तरी तापायला दहा मिनिटं लागतात, तुम्हाला तेवढीही लागत नाहीत. तिचं खरं आहे. मी चाळीसगावच्या अलीकडच्या एका खेड्यात राहतो आणि गेली तेवीस वर्षं विहिरींवर कॉम्प्रेसर चालवतो. दिवसभर इंजिनाशेजारी उभं राहून ओरडूनच बोलावं लागतं. त्यामुळं घरी मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटतं भांडण जुंपलं.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ट्रॅक्टरच्या मागं कॉम्प्रेसर बसवलेला असतो. इंजिन त्याला फिरवतं, तो हवा दाबून टाकीत भरतो, आणि ती हवा जाड रबरी नळीतून खाली विहिरीच्या तळाला जाते. तिथं एक माणूस छातीएवढं ड्रिल धरून काळ्या खडकाला भोकं पाडतो. भोकात सुरुंगाची दारू भरणारा परवानावाला वेगळा, तो संध्याकाळी येतो. आमचं काम भोकांपर्यंत. टाकीवर घड्याळासारखं गेज असतं. त्याचा काटा सातवर उभा असला की ड्रिल दगड खातं, आणि पाचाच्या खाली उतरला की नुसतं गुदगुल्या करतं.

खाली ड्रिल धरणारा माणूस म्हणजे माझा जोडीदार. एकोणीस वर्षं आम्ही बरोबर आहोत. मी वर, तो खाली. तो चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरचा. आला तेव्हा त्याला आमची अहिराणी येत नव्हती. ती त्यानं माझ्याकडून उचलली, त्यामुळं ती तो अगदी माझ्यासारखी बोलतो, शिव्यांसकट. फक्त कमी बोलतो. मी दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं त्याला महिनाभर पुरतं. माझ्या कंबरेचं दुखणं निघालं तेव्हा दोन महिने मी खाटेवर होतो. त्या दोन महिन्यांत यानं वरचं-खालचं दोन्ही सांभाळलं, आमच्या पडवीत झोपला आणि माझ्या बायकोला वहिनी वहिनी करत पाणीसुद्धा भरून दिलं. सख्खा भाऊ करणार नाही एवढं त्यानं केलं. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही पुढचं घडलं.

गेल्या चैत्रातली गोष्ट. पहूरच्या शिवारात एका अक्कांची विहीर पंधरा फूट खोल करायची होती. अक्का सत्तरीच्या, पोरं जळगावला नोकरीला, शेत स्वतःच पाहतात. सकाळी सहाला बांधावर येतात त्या सूर्य बुडल्यावर घरी जातात, आणि मधल्या वेळात त्यांच्या नजरेतून काडीसुद्धा सुटत नाही. विहिरीतला राडारोडा काढायला त्यांनी सहा-सात माणसं लावली होती, त्यात दोन बायाही होत्या.

आमच्यात काम सुरू करण्याआधी पूजा होते. आधी मशीनची, मग विहिरीची. विहिरीची पूजा मालक करतो, पण मशीनची मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. ते माझं मशीन आहे, त्याला कुंकू मीच लावणार, नारळ मीच फोडणार, आणि अक्षता मीच टाकणार. त्यातही माझा हात सढळ. लोक लग्नात चार दाणे फेकतात, मी मशीनवर मूठभर फेकतो. त्या दिवशी अक्कांनी ताट आणलं तेव्हा जोडीदारानं कॉम्प्रेसरचा हवा ओढायचा फिल्टर काढला होता आणि तो मांडीवर आपटून धूळ झाडत होता. थांब म्हणाला, एवढं बसवतो. मी म्हटलं, मुहूर्त तुझ्यासाठी थांबणार आहे का? मग तो बिचारा फिल्टर हातात धरूनच उभा राहिला आणि त्यानं मान लववली. मी यथासांग पूजा केली. नारळ पांढराशुभ्र निघाला. अक्कांनी सगळ्यांना गूळखोबरं वाटलं आणि आम्ही काम सुरू केलं.

दोन दिवस काम झक्कास चाललं. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ड्रिलचा आवाज बदलला. गेजकडं पाहिलं तर काटा सातवरून घसरत घसरत तीनवर आला आणि तिथंच बसला. इंजिन जोरात चाललंय, पट्टे फिरताहेत, आणि काटा आपला तीनवर. मी इंजिनाचा वेग वाढवला. इंजिन बोंबललं, काटा हलला नाही. जोडीदार दोरीच्या शिडीनं वर आला, तोंडावरची धूळ पुसली आणि नळी तपासायला लागला.

कॉम्प्रेसरला हवा भरत नसेल तर कारणं मोजकीच असतात. हवा गळत असेल, नाहीतर पट्टे घसरत असतील, नाहीतर आतले व्हॉल्व्ह बसत नसतील. शहाण्या माणसानं सोप्याकडून अवघडाकडं जावं. आम्ही अक्कांच्या घरून कपडे धुवायची पावडर आणली, बादलीत फेस केला आणि नळीच्या प्रत्येक जोडाला फासला. एका जोडाला बुडबुडे आले. मी लगेच सगळ्यांना सांगितलं, सापडलं. पान्यानं जोड आवळला, इंजिन चालू केलं. काटा तीनवर.

एव्हाना बांधावर तज्ज्ञ जमले होते. आमच्या खानदेशात एखाद्याचा नवस फिटेल तेव्हा कोणी येणार नाही, पण मशीन बंद पडलं की शिवारातून माणसं उगवतात. एकानं सांगितलं डिझेलमध्ये भेसळ आहे. दुसरा म्हणाला नजर लागलीय, लिंबू बांधा. तिसऱ्याच्या मेहुण्याच्या पिठाच्या गिरणीचं अगदी असंच झालं होतं. मग काय केलं असं विचारलं, तर म्हणाला गिरणी विकली. मी सगळ्यांचं ऐकून घेत होतो आणि आतून तापत होतो. पट्टे पाहिले, ताठ होते. टाकीच्या तळाचा पाणी काढायचा नळ पाहिला, घट्ट होता. सेफ्टी व्हॉल्व्ह पाहिला, तोही गळत नव्हता. डिझेलचा फिल्टरही उगाच बदलून टाकला. इंजिनाचा काही संबंध नव्हता, पण हात रिकामे राहिले की माझं तोंड सुटतं म्हणून हातांना काम दिलं. काटा तीनवरच होता.

तेवढ्यात जोडीदारानं हातमोजा काढला आणि फिल्टरच्या तोंडासमोर तळहात धरला. खरं तर तिथं हवा आत ओढली गेली पाहिजे. तो बराच वेळ हात धरून उभा राहिला आणि मग म्हणाला, "भाऊ, उलटी हवा फेकी ऱ्हायनं. व्हॉल्व्हमा काहीतरी अडकेल शे."

बरोबर होतं त्याचं. कॉम्प्रेसरच्या मोठ्या सिलिंडरचा हवा आत घ्यायचा व्हॉल्व्ह नीट बसत नसला की ओढलेली हवा तो आल्या वाटेनं परत बाहेर फेकतो. एवढं साधं मला सुचायला हवं होतं, आणि ते याला सुचलं, तेही दहा माणसांसमोर. माझं डोकं फिरलं. अडकलंय म्हणजे आत काहीतरी गेलं. गेलं म्हणजे फिल्टर उघडा असताना गेलं. फिल्टर कोणी उघडला होता? यानं. हिशोब झाला. मी इंजिनापेक्षा मोठ्यानं ओरडायला लागलो. फिल्टर कुठं आपटावा, कुठं नाही, एवढी अक्कल नाही, एकोणीस वर्षांत काय शिकलास, अक्कांचा दिवस बुडाला तो कोण भरून देणार, असं जे तोंडाला आलं ते. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि शेवटी मी म्हणालो, "डोंगरातल्या माणसाच्या हातात मशीन दिलं की हेच व्हायचं."

इंजिन कोणीतरी मध्येच बंद केलं होतं. ते शेवटचं वाक्य सगळ्या शिवारानं ऐकलं.

जोडीदारानं माझ्याकडं एकदा पाहिलं. ड्रमाजवळ जाऊन त्यानं हात-तोंड धुतलं, झाडाखालची आपली पिशवी उचलली, अक्कांना म्हणाला, येतो अक्का. बांधाबांधानं तो रस्त्याला लागला आणि थोड्या वेळानं बस त्याला घेऊन गेली. मी त्यानंतरही बराच वेळ बोलत होतो. माझं तोंड लगेच बंद होत नाही, त्यालाही दहा मिनिटं लागतात.

तज्ज्ञ पांगले. मी तणतणत पेटी उघडली, रिंग पाना काढला आणि मोठ्या सिलिंडरचं डोकं खोलायला बसलो. ते अजून तापलेलं होतं, बोटं भाजली, त्याबद्दलही मी जोडीदारालाच शिव्या दिल्या. व्हॉल्व्हची चकती निघाली. तिच्या खाली, बसायच्या जागेवर, काहीतरी चिकटून होतं. मला वाटलं खडी असेल. नखानं उकरून तळहातावर घेतलं, तर तांदळाचा दाणा. तेलात फुगलेला, कडेला चेपलेला, आणि कुंकवानं लाल. शेजारी दुसऱ्याचा अर्धा तुकडा. मग मी फिल्टर काढला, बोट आत घालून नळीचं वळण चाचपलं. तिथं ओल्या कुंकवानं चिकटून बसलेले आणखी सहा दाणे निघाले. व्हॉल्व्हमधलेही दोन दिवस इथंच चिकटून होते, तिसऱ्या दिवशी हादऱ्यानं सुटले आणि आत ओढले गेले.

नळीच्या उघड्या तोंडात मूठभर अक्षता मी टाकल्या होत्या. तो थांब म्हणत होता.

अक्का बांधावरून उठून जवळ आल्या आणि काय निघालं म्हणून विचारलं. आता इथं मी माणसासारखा वागलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मी मूठ मिटली आणि म्हणालो, कचरा. दाणे शर्टाच्या खिशात टाकले. अक्कांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "भाऊ, मशीनीतलं मले काही कयत नाही. मानसातलं कयते." आणि पुन्हा बांधावर जाऊन बसल्या.

दुपारभर मी मुकाट्यानं काम केलं. चकती आणि तिची जागा डिझेलमध्ये धुतली. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेस्ट लावून चकती घासली, आठाच्या आकड्यासारखी फिरवत फिरवत, कडेकडेनं सारखी चमक येईपर्यंत. जुनं पॅकिंग फाटलं होतं. नवा पॅकिंगचा कागद सिलिंडरच्या डोक्यावर ठेवला आणि गोल हातोडीनं कडांवर ठोकत ठोकत तसाच कापून काढला. हे काम मला फार आवडतं. त्या दिवशी ते करताना एकदाही बरं वाटलं नाही. सगळं बसवलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणले, इंजिन चालू केलं. काटा चार मिनिटांत सातवर गेला आणि सेफ्टी व्हॉल्व्हनं फुस्स केलं. मशीन एकदम ठणठणीत झालं होतं, आणि खाली उतरायला कोणी नव्हतं.

मग मीच उतरलो. म्हटलं, त्यात काय मोठं. ड्रिल खडकाला लावलं, हवा आली आणि माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. अर्ध्या तासात मी एक भोक पाडलं. तेही वाकडं, आणि त्यात ड्रिलची सळई अशी अडकली की तिला काढायला मजुरांनी दोरी लावली. वरून कोणीतरी हसलं. शिडी चढताना मी दोनदा थांबलो. हा माणूस एकोणीस वर्षं रोज हे करतोय आणि संध्याकाळी वर येऊन मला चहा विचारतो, हे मला त्या शिडीवर लटकून कळलं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. मी सांगितलं, तो निघून गेला. का म्हणाली. मी म्हटलं, थोडी बोलाचाली झाली. ती गप्प राहिली. ती गप्प राहिली की मी आपोआप सगळं ओकतो, हे तिला माहीत आहे. पाच मिनिटांत तिनं पूजेपासून कचऱ्यापर्यंत सगळं काढून घेतलं. मी म्हटलं, त्याचा फोन लावून पाहिला, पण पाड्यावर रेंज नाही. ती म्हणाली, "रेंज नसेल तर रस्ता असेल ना? त्यांना आणल्याशिवाय घरी येऊ नका." तिनं फोन ठेवला. स्वयंपाक तिच्या हातात असल्यामुळं आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांच्या घरची मोटारसायकल मागून घेतली. अक्कांनी किल्ली देताना कुठं चाललात हे विचारलं नाही. जळगाव, मग तापी ओलांडून चोपडा, आणि तिथून पुढं डोंगराच्या दिशेनं. रस्ताभर मी काय बोलायचं त्याची तयारी करत होतो. आधी म्हणायचं, राग आला होता रे. मग म्हणायचं, ऊन फार होतं. मग म्हणायचं, तुला तर माझा स्वभाव माहीत आहे. चोपड्यापर्यंत येता येता माझ्याच लक्षात आलं की या सगळ्यात माझी चूक कुठंच नाही, उन्हाची आहे.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा जोडीदार अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होता. मोहाचे दिवस होते, सगळ्या घरांसमोर पिवळट फुलांचे थर पसरले होते आणि हवेत गोड, आंबूस वास होता. मला पाहून तो उठला, खाट टाकली, बायकोला पाणी आणायला सांगितलं. भाऊ म्हणाला नाही. त्याच्या बायकोनं ज्वारीची भाकरी आणि उडदाची घट्ट डाळ वाढली. मला वाटलं जेवताना बोलू, पण घास तोंडात असताना माफी मागता येत नाही. जेवण झालं. मग मी खिशातून कागदाची पुडी काढली आणि दाणे त्याच्यासमोर ठेवले. सांगितलं, हे निघालं. मीच टाकले होते. तू थांब म्हणत होतास.

तो दाण्यांकडं पाहून थोडं हसला. म्हणाला, त्याला कालच वाटलं होतं. तळहातावर हवा लागली तेव्हाच त्याला माझी ती मूठ आठवली होती. मी विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीस? तो म्हणाला, "तू इतला मानसंसमोर बोली ऱ्हायनता. मी सांगतू त तुनी लाज जाती."

माझी लाज राखायला हा शिव्या खात उभा राहिला होता. मी सरळ हात जोडले, म्हटलं, चुकलं माझं, चल. त्यानं माझे हात खाली केले. रागानं नाही, पण केले. म्हणाला, "आठे नको. जठे बोलना, तठे बोल."

मी म्हटलं, अरे तिथंच कशाला, इथं तुझ्या घरात, तुझ्या बायकोसमोर बोललो की. तो म्हणाला, तिला तर तसंही माहीत आहे की तिचा नवरा कसा आहे. त्यानं पिशवी उचलली आणि मोटारसायकलच्या मागं येऊन बसला. तीन तासांच्या रस्त्यात आम्ही एक शब्द बोललो नाही. जळगावला चहाला थांबलो तेव्हा तो चहा पीत रस्त्यावरच्या केळीच्या ट्रककडं पाहत राहिला. मी एकदोनदा खाकरलो. त्यानं माझ्या बशीकडं बिस्किटाचा पुडा सरकवला, एवढंच. तो आलेला होता, पण परत आलेला नव्हता.

आम्ही शेतात पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. मी मनात म्हणत होतो, मजूर सुटले असावेत, अक्का घरी असाव्यात. सगळे होते. जणू लग्नाचं निमंत्रण गेलं असावं तसे तज्ज्ञही हजर होते, मेहुण्याच्या गिरणीवाला सगळ्यात पुढं. जोडीदार ट्रॅक्टरला टेकून उभा राहिला आणि वाट पाहू लागला.

आता माझी हुशारी बघा. मी आधी म्हटलं, थांबा, मशीन तापवून घेतो. इंजिन चालू केलं, वेग चांगला वाढवला, आणि त्या सगळ्या धडधडाटात सगळ्यांकडं तोंड करून म्हणालो की माझी चूक झाली. ओठ हलले, एवढं नक्की. मला स्वतःलाही ऐकू आलं नाही. मी मोठ्या समाधानानं पान्याकडं वळलो.

जोडीदारानं हात लांबवला आणि इंजिनाचा बंद करायचा खटका ओढला. इंजिन दोन उचक्या देऊन थांबलं. एवढी शांतता झाली की विहिरीतून थेंब पडल्याचा आवाज आला. अक्का बांधावर पुढं सरकून बसल्या. आता सुटका नव्हती.

मी पुडी उघडली, दाणे तळहातावर घेतले आणि सगळ्यांना दाखवले. सांगितलं, काल मशीन बंद पडलं ते याच्यामुळं नाही, माझ्यामुळं. पूजेच्या अक्षता मी उघड्या नळीत टाकल्या, त्या व्हॉल्व्हमध्ये अडकल्या. यानं मला थांबवलं होतं. आणि निघालं तेव्हा मी अक्कांना कचरा म्हणून खोटं सांगितलं. अक्का तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. म्हणाल्या, मूठभर अक्षता टाकल्यावर मशीनीला वाटलं आपलं लगीनच लागलं, ते कशाला काम करेल. सगळे हसले. मीही हसलो, छातीवरचं ओझं उतरलं, म्हटलं झालं एकदाचं.

जोडीदार हसला नाही. तो अजून वाट पाहत होता. म्हणाला, "आनखी एक शे."

मला माहीत होतं कोणतं. मी ते मुद्दाम गाळलं होतं, वाटलं होतं हशात निघून जाईल. त्याची नजर माझ्यावरून हलली आणि विहिरीच्या पलीकडच्या काठाकडं गेली, म्हणून मीही तिकडं पाहिलं. राडारोडा वाहणाऱ्या त्या दोघी बाया डोक्यावर घमेलं घेऊन उभ्या होत्या. त्या दोघीही डोंगरातल्याच होत्या. कालही त्या तिथंच, तशाच उभ्या होत्या. मी ते बोललो तेव्हा त्यांनी घमेलं उचललं होतं आणि चालायला लागल्या होत्या. कालपासून मला त्यांची एकदाही आठवण झाली नव्हती, आणि हा माणूस शंभर किलोमीटरवरून मला परत आणत होता तो त्यांच्यासाठी.

मी त्या दोघींकडं तोंड करून सांगितलं की काल मी डोंगरातल्या माणसाबद्दल जे बोललो ते घाण बोललो. मशीनची जेवढी समज याला आहे तेवढी मला नाही, हे मला आज कळलेलं नाही, खूप आधीपासून माहीत आहे, आणि मला ते सहन होत नव्हतं. एवढं मी कधी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. ते तिथं, घमेल्यांसमोर, बाहेर पडलं.

त्या दोघींतल्या थोरलीनं मान हलवली, घमेलं नीट केलं आणि ढिगाऱ्याकडं गेली. धाकटी तिच्या मागं गेली. जोडीदारानं पिशवी झाडाला अडकवली, हातमोजे घातले आणि शिडी धरली. उतरता उतरता थांबून त्यानं मी पाडलेलं वाकडं भोक पाहिलं आणि हे कोणत्या गाढवाचं काम म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, माझंच. तो खाली दिसेनासा झाला.

मी इंजिन चालू केलं. काटा चढत चढत सातवर आला. खालून आवाज आला, "भाऊ, हवा सोड." मी कॉक फिरवला, नळी ताठ झाली आणि विहिरीतून ड्रिलचा दणदणाट वर आला, सरळ, दमदार, दगड खाणारा. मी गेजकडं पाहत उभा होतो आणि मला गेज दिसत नव्हतं. रडणं आवरत नव्हतं, आणि धुळीचं निमित्त होतं म्हणून मी ते आवरलंही नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिनं विचारलं, आले का ते? मी फोन विहिरीच्या तोंडावर धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. पुन्हा कानाला लावला तेव्हा ती म्हणाली, "ऐकू आलं. काम उरकलं की दोघं घरी या."